आवडती गाणी मित्रांना ऐकवायची तर: घरातल्या श्रवण-बैठकीची रीत

आवडलेलं गाणं दुसऱ्याला ऐकवायला घेतलं की बहुतेकांचं एकाच पद्धतीनं फिसकटतं. मंडळी जमतात, चहा होतो, मग यजमान फोन काढतो आणि "हे ऐक, आता हे ऐक" करत दोन तासांत वीस गाणी लावतो. धड एकही पूर्ण वाजत नाही. ऐन मोक्याला "बघ हां, आता काय जागा घेतलीय" असं तोच मध्ये बोलतो आणि ती जागा, म्हणजे सुरांचं ते नेमकं वळण, त्याच्या बोलण्याखाली जाते. तासाभरानं गाडी सोसायटीच्या पार्किंगवर येते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बारा लिंका पडतात, त्यातली एकही कुणी उघडत नाही.

गाणी उत्तम असतात, माणसंही कानाची असतात. गडबड असते ती तयारीत आणि क्रमात. इथे दिलेली रीत पाच ते आठ जणांच्या, घरात भरणाऱ्या, ध्वनिमुद्रणं ऐकायच्या बैठकीसाठी आहे: ख्याल, नाट्यपद, भावगीत, जुनं चित्रपटगीत, काहीही. उदाहरणादाखल भूप रागाची एक संध्याकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधून दाखवतो. तुम्ही राग, गायक, वाद्य हवं ते घ्या. पायऱ्या बदलत नाहीत.

## १. आधी माणसं ठरवा, गाणी नंतर

बहुतेक जण गाण्यांची यादी आधी करतात आणि मग ती ज्याच्या-त्याच्या गळी उतरवायला बघतात. उलट करा. कोण येणार हे पक्कं झाल्याशिवाय एकही गाणं निवडू नका.

आठांच्या वर माणसं नकोत. नववा आला की कोपऱ्यात दुसरी बैठक सुरू होते, आणि ती गाण्याची नसते. पाचांपेक्षा कमी असतील तरी हरकत नाही, फक्त मग शेवटाकडचा "प्रत्येकाचं एक" (येणाऱ्या प्रत्येकानं आणलेलं एक गाणं) हा भाग लांबवता येतो.

प्रत्येकाला फोनवर दोन गोष्टी विचारा. पहिली: गेल्या महिन्याभरात पुन्हा पुन्हा काय ऐकलंस? "तुला काय आवडतं?" असं विचारू नका, त्यावर लोक भारदस्त नावं सांगतात. दुसरी: सलग किती वेळ ऐकायची सवय आहे? जो फक्त चित्रपटगीतं ऐकतो त्याला तीन-चार मिनिटांची सवय असते. त्याच्यासमोर पहिल्याच फटक्यात पन्नास मिनिटांचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल ठेवणं म्हणजे त्याला कायमचा घालवणं.

आणखी एक वर्ग असतो: सोबत म्हणून आलेले. कुणाची बायको, कुणाचा नवरा, कॉलेजातली मुलगी. बैठक बांधायची ती यांना धरून. जाणकार काय, कशातही रमतात.

तपासा: ज्याला सर्वांत कमी सवय आहे त्याचं नाव कागदावर सगळ्यात वर लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय त्या नावाकडे बघून घ्यायचा.

## २. विषय आवळून घ्या

"आज किशोरीताई (आमोणकर) ऐकू" हा विषय नव्हे. "जुनी नाट्यगीतं" हाही नव्हे. असा पसरट विषय घेतला की यादी लांबत जाते आणि एका गाण्याचं दुसऱ्याशी नातं उरत नाही. विषय इतका आवळा की चार-पाच गाण्यांत तो पुरा व्हावा आणि नवख्यालाही एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना धागा सापडावा.

चालणारे विषय असे: एकच राग, चार रूपांत. एकच नाट्यपद, तीन गळ्यांत. एका गायकाची तरुणपणीची तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आणि त्याचंच उतारवयातलं लांब मुद्रण. फक्त भैरव्या (मैफल ज्यानं संपवतात तो राग भैरवी). पेटीची साथ कुठे गळ्याच्या मागे राहते आणि कुठे पुढे येते. शेवटचा विषय जाणकारांसाठी; पहिल्या बैठकीला घेऊ नका.

आपण भूप घेऊ. कारण व्यवहारी आहे: सूर पाचच, सा रे ग प ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत. त्यामुळे राग ओळखता न येणाऱ्यालाही तिसऱ्या गाण्यापर्यंत "अरे, हे सगळं एकाच घरातलं वाटतंय" हे जाणवतं. शिवाय या वळणाची गाणी मराठी कानाला लहानपणापासून ठाऊक आहेत.

भूपाचा आणखी एक फायदा म्हणजे त्याचा शेजारी. देसकारात सूर हेच पाच. पण भूपात वादी (मुख्य सूर) गंधार म्हणजे ग आणि संवादी (त्याखालोखालचा सूर) धैवत म्हणजे ध, देसकारात उलट. भूप सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, देसकार वरच्या. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. बैठकीच्या मध्यावर हा फरक पाच मिनिटांत ऐकवता येतो, आणि आजवर "मला रागातलं काही कळत नाही" म्हणणारा माणूस तिथे पहिल्यांदा सरसावून बसतो.

सावधान: विषय ठरल्यावर "हेही छान आहे, घालू का?" असं मन म्हणेल. घालू नका. ते पुढच्या वेळी.

## ३. मुद्रण निवडा आणि ते तपासा

गाणं निवडणं सोपं. त्याचं चांगलं मुद्रण निवडणं हे खरं काम. एकाच गाण्याच्या इंटरनेटवर दहा-पंधरा प्रती असतात. पहिली दिसली ती लावू नका. बैठकीच्या आधी प्रत्येक मुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐका, ज्या यंत्रावर लावणार त्याच यंत्रावर. पहिलं मिनिट ऐकून निवडलेलं मुद्रण सहाव्या मिनिटाला दगा देतं: मध्येच तुटतं, एका कानात जातं, नाहीतर कुणीतरी त्यावर घुमारा चढवून ठेवलेला असतो.

ऐकताना बघायच्या गोष्टी:

नाव. अपलोड करणारा जे लिहितो ते खरंच असेल असं नाही. गायकाचं नाव चुकलेलं असतं, राग चुकलेला असतो, साथीदार तर बहुधा गाळलेलेच. मूळ तबकडीच्या किंवा सीडीच्या वेष्टनाचं चित्र मिळालं तर त्यावरून ताडून घ्या. खात्री नसेल तर बैठकीत नाव ठामपणे सांगू नका. तिथे एखादा जुना रसिक बसलेलाच असतो, आणि मग अर्धा तास त्यावरच जातो.

वेग. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्यांवरून उतरवलेली मुद्रणं पुष्कळदा चुकीच्या गतीनं उतरवलेली असतात. गती वाढली की आवाज पातळ होतो, सूर चढतो, तबला टकटक वाजतो. तपासायची सोपी युक्ती: फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा आणि मुद्रणातला सा शोधा. मग त्याच गायकाचं त्याच काळातलं दुसरं मुद्रण घ्या. एकात षड्ज (म्हणजे सा) काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) आणि दुसऱ्यात काळी दोनला असेल तर पूर्ण एका स्वराचा फरक झाला. गतीवर शंका घ्या आणि तिसरी प्रत शोधा.

खरखर. तबकडीची खरखर वाईट नाही. कान दोन मिनिटांत ती बाजूला ठेवतो. खरखर काढायच्या नादात ज्या प्रतीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झालाय ती मात्र टाळा. खरखरीची पण जिवंत प्रत आणि स्वच्छ पण मेलेली प्रत यांत मी पहिली घेईन.

सुरुवात आणि शेवट. पहिला सूर कापलेला नाही ना? शेवटच्या समेनंतर (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा) लगेच टाळ्यांचा कडकडाट किंवा निवेदकाचा आवाज येत नाही ना? येत असेल तर नेमक्या कोणत्या सेकंदाला आवाज उतरवायचा ते कागदावर लिहून ठेवा.

निवडलेली मुद्रणं अ‍ॅपमध्ये उतरवून घ्या, म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही. यूट्यूबवरून थेट लावणार असाल आणि जाहिरातीविना ऐकायची सोय नसेल, तर आलापाच्या मध्यात डिटर्जंटची जाहिरात येणार हे गृहीत धरा. त्यावर दुसरा इलाज नाही.

तपासा: प्रत्येक मुद्रणापुढे चार गोष्टी लिहिल्या का? लांबी, आवाजाची पातळी (बटणाचा आकडा), आवाज कुठे उतरवायचा, साथीदार. तबकडी, कॅसेट आणि नवीन मुद्रण यांच्या आवाजात फार तफावत असते. आकडा लिहिलेला नसेल तर प्रत्येक गाण्याची पहिली वीस सेकंदं बटण फिरवण्यात जातात.

## ४. क्रम लावा

बैठक पडते ती बहुतेक इथेच, म्हणून ही पायरी सावकाश करा.

पहिलं गाणं ओळखीचं आणि छोटं. लोक अजून बसतायत, कुणाचं पाणी प्यायचं राहिलंय. अशा वेळी अनोळखी आणि गंभीर काही लावलं तर ते वाया जातं. सर्वांत लांब गाणं तिसरं किंवा चौथं; तोवर कान बसलेले असतात आणि थकलेले नसतात. सर्वांत लाडकं गाणं पहिलं लावायचा मोह होतो, तो आवरा. ते लांब असेल तर मध्यावर, छोटं असेल तर शेवटाच्या जरा आधी.

दोन जड गोष्टी लागोपाठ नकोत. आणि षड्ज बदलतो त्याचं भान ठेवा: एका गाण्याचा सा पांढरी पाचला आणि पुढच्याचा काळी चारला असेल, आणि ती लगेच जोडली, तर दुसरं गाणं सुरुवातीला बेसूर भासतं. गायकाचा दोष नसतो. आधीचा षड्ज कानात घोळत असतो. अशा दोघांमध्ये मिनिटभर बोलणं किंवा चहा ठेवा.

ऐकण्याचा एकूण वेळ सत्तर मिनिटांच्या वर नेऊ नका. बैठक सव्वादोन तासांची झाली तरी प्रत्यक्ष गाणं तेवढंच. उरलेला वेळ शांतता, बोलणं आणि चहा यांना लागतो. तो कापला की गाणंच कापल्यासारखं होतं.

भूपाची संध्याकाळ, सात वाजता सुरू:

1. "घनश्याम सुंदरा श्रीधरा". १९५१ च्या 'अमर भूपाळी' चित्रपटातलं, शब्द शाहीर होनाजींचे, संगीत वसंत देसाई, आवाज पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर. सगळ्यांना येतं. कुणी गुणगुणलं तर गुणगुणू द्या. पहिल्या गाण्याला सगळं माफ.
2. "ज्योति कलश छलके". १९६१, 'भाभी की चूड़ियाँ', संगीत सुधीर फडके, आवाज लता मंगेशकर. पाच सूर तेच. हे भूपाचं की देसकाराचं यावर जाणकारांत वाद आहे. तो आत्ता काढू नका, मध्यंतरासाठी राखून ठेवा.
3. 'स्वयंवर' नाटकातलं "सुजन कसा मन चोरी". ज्या गळ्यातलं नीट मुद्रण मिळेल ते. इथे पहिल्यांदा तान (सुरांची वेगवान माळ) येते आणि कान चित्रपटगीताकडून ख्यालाकडे वळतो.
4. किशोरी आमोणकरांचा भूप: "प्रथम सूर साधे" आणि त्याला जोडून "सहेला रे". तबकडीच्या एका बाजूत मावलेलं, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचं. संध्याकाळ या गाण्यासाठीच बांधलेली आहे.
5. चहा. त्यानंतर पेटीवर किंवा फोनच्या अ‍ॅपवर पाच सूर वाजवून भूप आणि देसकार यांतला फरक, आणि देसकाराचं एक छोटं मुद्रण.
6. येणाऱ्यांची गाणी, प्रत्येकाचं एक.
7. भैरवी. केसरबाई केरकरांची "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटं. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत हीच आहे.

रागांच्या वेळेच्या नियमाबद्दल विचारलं जातं: पहिली दोन गाणी पहाटेची, मग संध्याकाळी कशी? चित्रपटगीताला प्रहर लावत बसू नका. ख्यालाला मात्र लावा. भूप संध्याकाळनंतर, तोडी सकाळी, मारवा सूर्यास्ताच्या आसपास. दुपारी तीनला मारवा लावला म्हणून कुणी पोलिसांत जाणार नाही, पण बाहेरचा उजेड आणि आतला राग यांचं जमलं की अर्धं काम तेच करतं.

सावधान: लांब गाणं अर्ध्यात तोडावं लागेल अशी शंका असेल तर तोडायची जागा आधीच ठरवा. विलंबित संपून द्रुत (जलद लयीतलं गाणं) सुरू होतं तिथे, समेवर. श्रोत्यांचे चेहरे बघून भलत्याच जागी बटण दाबणं हा गाण्याचाही अपमान आणि श्रोत्यांचाही.

## ५. खोली आणि यंत्र

महागडं यंत्र लागत नाही. दोन बरे स्पीकर पुरतात, एक असला तरी चालतं. जागा मात्र महत्त्वाची.

मंडळी सतरंजीवर बसणार असतील तर स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, कपाटाच्या डोक्यावर नको. खोलीच्या अगदी कोपऱ्यात ठेवला तर तबल्याचा डग्गा घुमतो आणि शब्द बुडतात. भिंतीपासून हातभर पुढे घ्या. उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या हॉलमध्ये आवाज खणखणतो. पडदे ओढा, जमिनीवर जाजम घाला, सोफ्यावर एखादी गोधडी टाका. फरक लगेच ऐकू येतो.

बेस वाढवणारी, "कॉन्सर्ट", "सिनेमा" अशी जी बटणं असतात ती सगळी बंद. ती तंबोऱ्याचं वाटोळं करतात.

आवाज किती? गायक त्याच खोलीत, समोर बसून गातोय इतका. सर्वांत लांबच्या जागी बसून तंबोरा ऐकू येतो का बघा. येत नसेल तर थोडा वाढवा. तारसप्तकात (वरच्या सुरांत) जवळच्या माणसाला कान मागे घ्यावासा वाटला तर कमी करा.

मग घरातले आवाज. कुकर बैठकीच्या आधी उतरवा. पंखा एकावर. दाराच्या बेलवर कागद चिकटवा किंवा दार लोटून ठेवा. ज्या फोनवरून गाणी लागणार तो विमान मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करा. नाहीतर ऐन आलापात स्पीकरमधून बँकेच्या मेसेजची टुणटुण मोठ्यानं वाजते. "पुढचं आपोआप लाव" हा पर्याय बंद केला का? तो चालू राहिला की "सहेला रे" संपल्या संपल्या अ‍ॅप स्वतःच्या मर्जीनं काहीतरी लावतं.

तपासा: बैठकीच्या आदल्या दिवशी पहिली तीन गाणी त्याच खोलीत, त्याच पातळीवर लावून बघितली का? स्पीकर चार्ज आहे का? तार लागत असेल तर ती हाताशी आहे का?

## ६. गाण्याआधी काय बोलायचं

मिनिटभर, त्याहून जास्त नाही. कोण गातंय, काय गातंय, आणि कान कुठे ठेवायचा याची एकच खूण.

हे बोलणं न जमल्यानं पुष्कळ चांगल्या बैठका गळपटतात. नेहमी ऐकू येणारी प्रस्तावना अशी असते: "आता जे लावतोय ना, ते केवळ अप्रतिम आहे. अंगावर काटा येतो. किशोरीताईंसारखं पुन्हा होणे नाही. मी तर हे ऐकून रडलोय." हे ऐकल्यावर समोरच्याला दोनच रस्ते उरतात: खोटं डोलायचं, नाहीतर गप्प बसून आपल्याला काही कळत नाही असं मानायचं. काटा आला नाही तर दोष त्याचा, असं तुम्ही आधीच ठरवून टाकलेलं असतं.

त्याऐवजी असं सांगता येईल: "किशोरी आमोणकर, भूप. आधी विलंबित, मग त्याला जोडून दुसरी बंदिश. पहिली पाच मिनिटं शब्द शोधू नका. त्या गंधारावर किती वेगवेगळ्या वाटांनी येतात तेवढंच बघा." बस्स. गंधार म्हणजे कोणता सूर हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी पेटीवर तो एकदा वाजवून दाखवा. बटणावर बोट ठेवायच्या आधी दोन क्षण गप्प राहा.

खूण देताना शेवट सांगून टाकू नका. "आठव्या मिनिटाला एक तान येते ती ऐका" असं म्हटलं की लोक सात मिनिटं घड्याळ बघतात.

बंदिशीचे शब्द कागदावर देण्याबद्दल माझं मत: द्या, पण गाणं झाल्यावर. आधी दिले की डोळे कागदावर आणि कान मागे राहतो. नाट्यपदाला उलट, तिथे शब्द आधी वाचून दाखवा, प्रसंग एका वाक्यात सांगा, मग लावा.

## ७. गाणं चालू असताना

तुम्ही काहीही करायचं नाही, आणि सर्वांत अवघड तेच.

हात हवेत फिरवू नका. मोक्याची जागा आली की समोरच्याच्या तोंडाकडे बघू नका; त्याला परीक्षेला बसल्यासारखं होतं. उसळून दाद आली तर जरूर द्या, तुमची किंवा कुणाचीही, पण ती दुसऱ्याला जागं करण्यासाठी नको. थांबवून, मागे नेऊन, "हे पुन्हा ऐका" हे तर मुळीच नको. पुन्हा ऐकायचंच असेल तर संपल्यावर, आणि सगळ्यांना हवं असेल तर.

कुणी फोन बघायला लागलं तर दुर्लक्ष करा. कुणी उठून बाल्कनीत गेलं तर जाऊ द्या. टोकलंत की बाकीच्या सहा जणांचंही गाणं तुटतं.

गाणं संपल्यावर निदान दहापर्यंत आकडे मनात मोजा. ही शांतता पहिल्यांदा अवघड जाते. कुणीतरी "व्वा" म्हणून ती फोडतंच. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत खोली स्वतःहून ती पाळायला लागते.

सावधान: खाणं गाण्यासोबत नको. शेव-चिवड्याचा आवाज विलंबितात फार मोठा असतो. चहाच्या वेळी सगळं एकदम मांडा.

## ८. बोलणं, आणि दुसऱ्यांची पाळी

"कसं वाटलं?" या प्रश्नाला "छान" एवढंच उत्तर येतं आणि संवाद तिथेच मरतो. नेमकं विचारा. कुठे कान टवकारले? कुठे कंटाळा आला? पहिल्या गाण्यातलं काही या गाण्यात पुन्हा भेटलं का? कंटाळ्याचं उत्तर मोकळेपणानं येऊ द्या. "विलंबित मला फार लांब वाटलं" असं कुणी म्हटलं तर त्याला आलापीचं महत्त्व समजावू लागू नका. द्रुत बंदिश आवडली का ते विचारा आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी तिथून सुरू करा.

घराण्यांची भांडणं आणि "आमच्या वेळचं गाणं" हे दोन विषय निघणारच. यजमान म्हणून एकच उपाय: पुढचं गाणं.

मग येणाऱ्यांची गाणी. प्रत्येकी एक, सहा मिनिटांच्या आत, आणि आदल्या दिवशी रात्रीपर्यंत तुमच्याकडे कळवलेलं. आयत्या वेळी शोधायला लागलं की प्रत्येकाचा फोन स्पीकरला जोडण्यात पाऊण तास जातो. विषयाशी जुळावंच असा आग्रह धरू नका. कुणी भूपाच्या बैठकीत रॅप आणलं तरी तेवढ्याच शांततेनं, पूर्ण ऐकायचं, आणि दहापर्यंत मोजायचं. तुमच्या पंचवीस मिनिटांच्या ख्यालाला त्यानं तेवढं दिलेलं असतं.

भैरवीनंतर गाणं नाही. "एक शेवटचं" म्हणून कुणी आग्रह केला तरी नाही.

## ९. दूरच्या मित्रांसोबत ऐकायचं असेल तर

मंडळी न्यू जर्सीत, लंडनमध्ये पांगलेली असतात. भारतात रविवारी संध्याकाळी सात म्हणजे लंडनला दुपारचा दीड किंवा अडीच, न्यू जर्सीला सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ. उन्हाळी वेळेप्रमाणे तासाचा फरक. दोघांनाही जमतं. सिडनीकरांना मात्र मध्यरात्र होते, त्यांच्यासाठी वेगळी, सकाळची बैठक धरा. मग देसकारानं सुरू करता येईल.

मोठी चूक म्हणजे व्हिडिओ कॉल लावून फोन स्पीकरसमोर धरणं. या अ‍ॅपना माणसाचं बोलणं हवं असतं; सतत वाजणारा तंबोरा त्यांना पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो कापून टाकतात. गायकाचा लांबवलेला सूरही मधूनमधून गायब होतो.

चांगला मार्ग असा: त्याच मुद्रणाची लिंक सगळ्यांना आधी पाठवा, जाहिराती येणार नाहीत अशी. कॉलवर प्रस्तावना करा. मग सगळ्यांनी माइक बंद करायचे, "तीन, दोन, एक" म्हणायचं आणि प्रत्येकानं आपल्या यंत्रावर आपली प्रत सुरू करायची. सेकंद-दोन सेकंद पुढेमागे झालं तरी कुणाला कळत नाही. संपल्यावर माइक उघडा. तुमच्याच मशिनवरून ऐकवायचं असेल तर झूममध्ये स्क्रीनसोबत संगणकाचा आवाज पाठवायचा पर्याय निवडा, आणि माइकवरून पेटी वाजवून दाखवायची असेल तर संगीतासाठी मूळ आवाज ठेवायची सेटिंग चालू करा.

## १०. दुसऱ्या दिवशी काय पाठवायचं

एकच मेसेज. त्यात वाजलेल्या क्रमानं यादी: गायक, राग, ताल, साथीदार, लांबी, लिंक. साथीदारांची नावं टाळू नका. तबल्यावर आणि पेटीवर कोण होतं हे लिहिलं की पुढच्या वेळी कुणीतरी त्या नावावरून विषय सुचवतं. शेवटी, न वाजलेलं असं फक्त एक गाणं, ज्याला ऐकायचंय त्याच्यासाठी.

सगळ्यांना पाठवलेल्या यादीहून एकाला पाठवलेलं गाणं जास्त ऐकलं जातं. "तू काल तिसऱ्या गाण्यातल्या तानेबद्दल बोललास, त्यावरून हे आठवलं" एवढी ओळ लिहून त्याला वेगळं पाठवा. आठवड्याला एकापेक्षा जास्त नको, आणि "ऐकलंस का?" असा तगादा तर नकोच.

फाइल न पाठवता लिंक पाठवा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क वेगळा मोजतात, कवीच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी जुनी झाली तरी गाणं मोकळं झालंच असं नाही.

खासगी मैफलींची मुद्रणं हा त्याहून नाजूक मामला. कुणाच्या तरी दिवाणखान्यात कॅसेटवर टिपलेलं गाणं तुम्हाला विश्वासानं मिळालेलं असतं. ते बैठकीत ऐकवायच्या आधी देणाऱ्याला विचारा, आणि ऐकवल्यावर प्रत कुणी मागितली तर देणाऱ्याचा नंबर देण्याआधीही त्यालाच विचारा.